विकेटा कॅरी फॉरवर्ड होत नाहीत

मंडळी, आज जरा आकडेमोड. घाबरू नका, सहावी-सातवीच्या गणिताच्या पुढे जाणार नाही.

दोन मॅचेस समोर ठेवतो. पहिली ३१ मार्च २०१६ ची, वानखेडेवरची टी-२० वर्ल्ड कपची सेमीफायनल, समोर वेस्ट इंडिज. आपण वीस ओव्हर्समध्ये २ बाद १९२ केल्या. हरलो. दुसरी ९ जून २०२४ ची, न्यूयॉर्कमधली, समोर पाकिस्तान. आपण १९ ओव्हर्समध्ये सगळे बाद ११९. जिंकलो, सहा रनांनी. पहिल्या मॅचमध्ये आठ विकेटा शिल्लक, दुसरीत एकही नाही. आता "अहो पिच बघा, बुमराह बघा" म्हणून लगेच अंगावर येऊ नका. ते सगळं खरं आहे आणि त्यावर मी येतोच. पण त्या आठ शिल्लक विकेटांकडे आधी नीट बघू.

नोकरदार माणसाला कळेल असं सांगतो. आमच्या कंपनीचं सुट्ट्यांचं वर्ष ३१ मार्चला संपतं आणि उरलेल्या सुट्ट्या पुढच्या वर्षात जात नाहीत. मार्च उजाडला की वर्षभर ताप अंगावर काढणारी माणसंसुद्धा अचानक गोव्याला जातात. कारण उघड आहे, १ एप्रिलला त्या सुट्टीची किंमत शून्य. टी-२० मधल्या विकेटांचं अगदी असंच. विसावी ओव्हर संपली की उरलेल्या विकेटा लॅप्स. त्यांचे कुणी पैसे देत नाही, आणि पुढच्या मॅचला बारा विकेटा घेऊन उतरा असंही कुणी म्हणत नाही. (योगायोग बघा, ती सेमीफायनलही ३१ मार्चलाच होती!)

आता आपल्या दुखऱ्या जागा एकेक करून मोजू. २०१४ ची ढाक्यातली फायनल, समोर श्रीलंका: ४ बाद १३०, त्यात शेवटच्या चार ओव्हर्समध्ये फक्त १९ रन. २०१६ ची सेमीफायनल: २ बाद १९२. २०२२ ची ऍडलेडची सेमीफायनल, समोर इंग्लंड: ६ बाद १६८. तिथे पहिल्या सहा ओव्हर्समध्ये आपण ३८ केल्या. इंग्लंडने त्याच सहांत ६३ केल्या आणि बटलर-हेल्स जोडीने सोळा ओव्हर्समध्ये एकही विकेट न घालवता खेळ खलास केला. तीन बाद फेरीचे सामने, तीस विकेटा खिशात. वापरल्या किती? चार अधिक दोन अधिक सहा, बारा. अठरा विकेटा लॅप्स!

वानखेडेच्या मॅचचा आणखी एक आकडा माझ्या डोक्यातून जात नाही. वेस्ट इंडिजच्या १९६ पैकी १४६ चौकार-षटकारांतून आल्या. आपल्या १९२ पैकी ९२. त्यांचे सिक्स अकरा, आपले चार. कोहलीने ४७ बॉलमध्ये ८९ केल्या, काय पळाला होता तो त्या दिवशी! एकाचे दोन, दोनाचे तीन. आपण पळून पळून जेवढ्या काढल्या तेवढ्या त्यांनी उभ्या उभ्या काढल्या.

साधा हिशोब असा. वनडेत ३०० बॉल आणि १० विकेटा, म्हणजे एका विकेटच्या वाट्याला ३० बॉल. टी-२० मध्ये १२०, म्हणजे एका विकेटला १२. समजा एक बॅट्समन ३० बॉलमध्ये ३० करून आला. वनडेतली चांगली सुरुवात. टी-२० मध्ये त्याने एकट्याने पाव डाव खाल्ला. टीमला १८० करायच्या असतील तर उरलेल्यांनी ९० बॉलमध्ये १५० काढायच्या, ओव्हरला दहाच्या दराने. पाटी मात्र त्याची स्वच्छ: "तिशी गाठली, एक बाजू लावून धरली." आता उलट बघा. प्रत्येकाने बारा बॉल खेळून २० काढल्या आणि तो आऊट झाला, तर टीमच्या २०० होतात. आणि या प्रत्येकाचा ऍव्हरेज? वीस! ऍव्हरेज बघून टीम निवडली तर दोनशे करणारे हे सगळेच्या सगळे घरी बसतील.

म्हणजे आपल्या टी-२० बॅटिंगचा आजार बॅटमध्ये नव्हता, मोजपट्टीत होता. आणि ही मोजपट्टी आपल्याला, विशेषतः आपल्या मराठी माणसांना, फार जवळची. मुंबईच्या मैदानांवर लहानपणापासून कानात ओतलं जातं: विकेट फेकायची नाही. बॉल जमिनीवरून. खडूसपणा हा तिथे दागिना आहे, आणि त्या खडूसपणाने मुंबईला २०२४ पर्यंत ४२ रणजी करंडक मिळवून दिले, त्याला नाव ठेवायची माझी शामत नाही. चार-पाच दिवसांच्या मॅचमध्ये बॉल संपत नाहीत, विकेटा संपतात. तिथे विकेटच सोनं. आमच्या भाषेत सांगायचं तर तो कोड उत्तम होता, रिक्वायरमेंट बदलली.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण म्हणजे आपला अजिंक्य रहाणे. संगमनेर तालुक्यातल्या आश्वी खुर्दचा जन्म, वाढला डोंबिवलीत, किटबॅग घेऊन लोकलच्या गर्दीतून मुंबईची मैदानं गाठणारा मुलगा. तंत्र असं की पाठ्यपुस्तकात छापावं. वानखेडेच्या त्या सेमीफायनलमध्ये त्याने ३५ बॉलमध्ये ४० केल्या. शिकवल्याबरहुकूम. भारतासाठी २० टी-२० सामने, स्ट्राईक रेट ११३, आणि २०१६ नंतर त्या टीममध्ये जागा नाही. पुढे डिसेंबर २०२२ च्या लिलावात चेन्नईने त्याला ५० लाखांत घेतला. आयपीएलच्या बाजारात हे म्हणजे संध्याकाळी उरलेल्या मेथीच्या जुडीचा भाव. आणि ८ एप्रिल २०२३ ला वानखेडेवरच, मुंबईविरुद्ध, २७ बॉलमध्ये ६१! पंधरा दिवसांनी ईडन गार्डन्सवर २९ बॉलमध्ये नाबाद ७१. त्या सीझनचा स्ट्राईक रेट १७२. वय ३४.

मला यातली गंमत अशी वाटते की हात तेच होते. चौतिसाव्या वर्षी कुणाला नवीन मनगटं फुटत नाहीत. ते फटके त्याच्याकडे आधीपासून असणारच. बदललं एवढंच की ते मारून आऊट झालास तरी चालेल, असं एका टीमने त्याला सांगितलं असावं, आणि त्याने ते खरं मानलं. २०२४ च्या डिसेंबरमध्ये मुंबईने सय्यद मुश्ताक अली करंडक जिंकला तेव्हा स्पर्धेत सर्वांत जास्त रन त्याच्याच, ४६९. (आणि २०२३ मध्ये ही फटकेबाजी करून त्याला परत बोलावणं कुठून आलं? कसोटी संघातून! क्रिकेटला विनोदबुद्धी आहे.)

आता थोडं घरचं.

मी मूळचा नंदुरबारचा. जिल्हा म्हणून आम्ही १ जुलै १९९८ ला धुळ्यातून वेगळे झालो, तोवर पत्त्यात "जि. धुळे" लिहायचो. क्रिकेटच्या नकाशावर आम्ही महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनच्या हद्दीत, म्हणजे मुख्यालय पुणे. प्रत्यक्षात पुण्यापेक्षा सुरत जवळ, आणि रेल्वेही सुरत-भुसावळ लाईनची. आमच्याकडे क्रिकेट म्हणजे टेनिस बॉल. दिवाळी उलटली, कापूस घरात आला की टुर्नामेंटा सुरू. सहा ओव्हरची मॅच, फार तर आठ. शहादा, तळोदा, नवापूर, थेट धडगावच्या डोंगरातून टीमा जीप भरून यायच्या. सहा ओव्हर म्हणजे ३६ बॉल, विकेटा दहा. एका विकेटला साडेतीन बॉल! तिथे तुम्ही ऑफ स्टंपबाहेरचा बॉल रुबाबात सोडून दिला की बाउंड्रीवरून अहिराणीत आवाज यायचा, "आरे भो, काय मोजी ऱ्हायना? हान ना!" सेट होणं वगैरे प्रकार नाही. आऊट झालेला पोरगा मान खाली घालून येत नाही, हसत येतो आणि पुढच्याला बॅट देतो.

आमच्या मैदानाला एक स्थानिक नियमही होता. लेग साईडला मिरचीची पथारी होती. नंदुरबारची मिरची तुम्हाला माहीत असेलच, थंडीत एकरच्या एकर लाल मिरची वाळत घातलेली असते. बॉल त्यात गेला की शोधायला जाणारा खोकून खोकून अर्धमेला, वर मालकाच्या शिव्या. म्हणून नियम: मिरचीत सिक्स म्हणजे आऊट. परिणाम काय? आमच्या मैदानावरची झाडून सगळी पोरं बॉलरच्या डोक्यावरून सरळ मारणारी. कुणी कोचिंग केलं नाही, मिरचीने केलं. पुढे सूर्यकुमार यादवच्या मुलाखती वाचल्या, विकेटकीपरच्या मागे मारायचे ते अचाट फटके सिमेंटच्या पिचवर रबरी बॉलने खेळताना हाताला लागले म्हणून, तेव्हा मला अजिबात आश्चर्य वाटलं नाही. १८ मार्च २०२१ ला आंतरराष्ट्रीय टी-२० मध्ये खेळलेला पहिलाच बॉल, समोर जोफ्रा आर्चर, आणि सिक्स. पण तोवर त्याचं वय तीस झालं होतं, हेही विसरू नका.

माझा भाचा शहाद्याला असतो. सोळा वर्षांचा आहे. सरळ सिक्स असा मारतो की बघत राहावं. गेल्या वर्षी त्याला लेदर बॉलचं वेड लागलं आणि तो एका निवड चाचणीला गेला. रात्रभर एसटी, सकाळी सातला रिपोर्टिंग, दुपारी दोनला नंबर. नेटमध्ये वाट्याला आले दहा-बारा बॉल. पहिलाच त्याने बॉलरच्या डोक्यावरून मारला. तिसरा उंच उडाला, मैदानावर असता तर कॅच. "नेक्स्ट." त्याच्या पुढच्या पोराने सगळे बॉल छातीजवळ बॅट आणून थांबवले, त्याचं नाव दुसऱ्या दिवशीच्या यादीत होतं. त्या पोराचा दोष नाही, कदाचित तो खरोखर चांगला असेल. पण भाचा परत आल्यावर मला फोनवर म्हणाला, "मामा, कळलं मला. पुढच्या वेळेस पहिले दहा बॉल मारायचेच नाहीत."

मी गप्प बसलो, कारण त्याचं लॉजिक बरोबर होतं. वर्षाला एक संधी, बारा बॉल, घरून निघताना ताईने मोजून दिलेले पैसे, आणि घरात आधीच चर्चा की बारावीनंतर पोलीस भरतीची तयारी करायची का. त्याच्या वर्गातली निम्मी पोरं पहाटे रनिंगला जातात ती त्यासाठीच. ज्याच्याकडे एकच चान्स आहे तो जोखीम कशाला घेईल? टीव्हीसमोर बसून "बिनधास्त खेळा रे" म्हणणं सोपं आहे. बिनधास्तपणा हा स्वभाव कमी आणि सोय जास्त आहे. आऊट झाल्यावरही उद्या आपलं नाव यादीत असेल याची खात्री असणाऱ्यालाच तो परवडतो.

आयटीतल्या मंडळींना हे परकं वाटणार नाही. मी पूर्वी ज्या एका कंपनीत होतो तिथे अप्रेझलला प्रत्येकाच्या नावावर किती बग आले ते मोजायचे. दोन क्वार्टरमध्ये काय झालं असेल? जुन्या, कुजलेल्या मोड्यूलला कुणी हात लावेना. सगळ्यांचे आकडे सुंदर आणि प्रॉडक्ट आजारी. कुणी आळशी नव्हतं हो. प्रत्येक जण आपापला ऍव्हरेज सांभाळत होता. ३० बॉलमध्ये ३० करून नाबाद येणाऱ्याला मी म्हणूनच शिव्या घालत नाही, त्याचा केआरए कुणी लिहिला ते विचारतो.

आपली टीम सुधारली ती नेमकी इथे. ऍडलेडच्या पराभवानंतर रोहित शर्माने स्वतःपासून सुरुवात केली. २४ जून २०२४, ऑस्ट्रेलियाविरुद्ध ४१ बॉलमध्ये ९२. नव्वदीत एकेक रन चोरत बसला नाही, मारत राहिला आणि शतकाला आठ कमी असताना बोल्ड झाला. कॅप्टनच असा आऊट होतोय म्हटल्यावर ड्रेसिंग रूमला वेगळं भाषण लागत नाही.

त्यानंतरचे दोन किस्से तर मला पाठ आहेत. ६ जुलै २०२४, हरारे. अभिषेक शर्माचा पहिला आंतरराष्ट्रीय सामना. चार बॉल, शून्य. दुसऱ्याच दिवशी त्याच मैदानावर ४७ बॉलमध्ये १००. दुसरा किस्सा संजू सॅमसनचा. जुलै २०२४ मध्ये श्रीलंकेत लागोपाठ दोन शून्य. ऑक्टोबरमध्ये तरीही ओपनिंगला पाठवला, १२ तारखेला हैदराबादला बांगलादेशविरुद्ध ४७ बॉलमध्ये १११, भारत ६ बाद २९७. नोव्हेंबरमध्ये दक्षिण आफ्रिकेत शतक, मग पुन्हा दोन शून्य, आणि त्याच मालिकेतल्या पुढच्या मॅचला, १५ नोव्हेंबरला, नाबाद १०९. त्या शून्यांनंतर त्याला बसवलं असतं तर? कुणी हूं की चूं केलं नसतं. आधीच्या काळात कितीतरी जण असेच बसले आणि त्यांच्या शतकांची आपल्याला कधी गाठच पडली नाही.

अशी संधी न मिळालेल्यांत मला किरण नवगिरेची आठवण येते. सोलापूर जिल्ह्यातली, ऍथलेटिक्समधून क्रिकेटात आलेली. २०२२ मध्ये नागालँडकडून एका टी-२० डावात ७६ बॉलमध्ये १६२. त्याच वर्षी भारताकडून मोजके सामने मिळाले, रन झाल्या नाहीत, बाहेर. ऑक्टोबर २०२५ मध्ये महाराष्ट्राकडून तिने ३४ बॉलमध्ये शतक ठोकलं, महिलांच्या टी-२० मधलं तोवरचं सर्वांत जलद. मधल्या तीन वर्षांत तिचे हात काही गावाला गेले नव्हते.

आता तो पिचचा मुद्दा. विकेट स्वस्त आहे म्हणजे फुकट आहे असं नाही. बारा बॉलला एक, हा तिचा भाव. दोन बॉलला एक असा उधळलात तर चौथ्या ओव्हरला घरी. आणि भाव रोज बदलतो. न्यूयॉर्कच्या त्या पिचवर १२० ही दौलत होती, तिथे ऋषभ पंतच्या ३१ बॉलमधल्या ४२ हैदराबादच्या शतकाच्या तोडीच्या. २९ जून २०२४ च्या बार्बाडोसच्या फायनलमध्ये आपण ३ बाद ३४ होतो. तिथे कोहलीने ५९ बॉलमध्ये ७६ केल्या, पण दुसऱ्या टोकाला अक्षर पटेलला वर पाठवून ३१ बॉलमध्ये ४७ काढून घेतल्या, म्हणून ते संथ टोक परवडलं. ७ बाद १७६, सात रनांनी वर्ल्ड कप. सात विकेटा वापरल्या! तेव्हा सांभाळून खेळणाऱ्याला जागा आहेच, फक्त "मी सांभाळतोय" हे सवयीने झालेलं नसावं, त्या दिवशीच्या पिचवर हिशोब करून ठरवलेलं असावं. आणि आयपीएलच्या आकड्यांनी हुरळूनही जाऊ नये. तिथे २०२३ पासून इम्पॅक्ट प्लेअरमुळे एक बॅट्समन जास्तीचा मिळतो, म्हणजे विकेट आणखी स्वस्त. देशाकडून खेळताना ती सोय नाही.

मग टीमची बॅटिंग आणखी सुधारायची तर काय? माझ्या मते वरच्या मजल्यावरचं बरंचसं काम २०२४-२५ मध्ये झालं. बाकी आहे ते तळमजल्यावर, जिथे सोळा वर्षांची पोरं रात्रभर एसटीने येतात. तिथे नेटमध्ये बारा बॉल टाकून "तंत्र" बघण्याऐवजी खरी परिस्थिती द्या: दोन ओव्हर, वीस रन, फिल्डिंग लावलेली. एकदा आऊट झाला तर पुन्हा एकदा द्या, तिसऱ्यांदाही द्या, आणि तिन्हींची बेरीज बघा. तीन डावांत एक शून्य, एक आठ आणि एक बत्तीस करणारा पोरगा टी-२० साठी तीनदा बारा-बारा करणाऱ्यापेक्षा उपयोगाचा असू शकतो. बेरीज चाळीस आणि छत्तीस, पण मॅच जिंकून देणारा डाव पहिल्याकडेच आहे. आजच्या चाचणीत तो शून्यावरच घरी जातो.

असं कुणी करेपर्यंत माझा भाचा पहिले दहा बॉल थांबवायला शिकतोय. परवा त्याने व्हिडिओ पाठवला. डोकं बॉलच्या वर, कोपर उंच, बॉल पायाशी मेलेला. सुरेख डिफेन्स आहे, खोटं कशाला सांगू. मी त्याला लिहिलं, "छान. मिरचीच्या मैदानावरचं विसरू नकोस." त्याचं उत्तर आलं, "नाही विसरत मामा. पण आधी यादीत नाव येऊ दे."

असो. आज जरा लांबलं. तुमच्या सुट्ट्या ३१ मार्चच्या आत संपवा. :-)